हळदीचा हात आणि धुण्याचा सोडा

अकरा वर्षांनी फ्लॉसीच्या हातात कुणीतरी महत्त्वाचं काम दिलं होतं. आणि दिलं कुणी, तर रेजिनानं! सख्ख्या थोरल्या बहिणीनं, जी फ्लॉसीला चहात साखरसुद्धा घालू देत नसे.

"नीट ऐक," रेजिना दारात उभी राहून बजावत होती. "गाऊनला फक्त इस्त्री. वरून मलमलचा कपडा टाकून. दुसरं काही करायचं नाही. काही म्हणजे काहीही नाही. मी चर्चमध्ये फुलं लावून बारापर्यंत येते."

"बाय, तू निर्धास्त जा," फ्लॉसी म्हणाली.

रेजिनानं तिच्याकडे असं काही बघितलं, की 'निर्धास्त' हा शब्द फ्लॉसीनं वापरायलाच नको होता. पण करणार काय? एका माणसाला दोन हात, लग्न घरातलं, चर्चमधली लग्नाची मिस्सा दुपारी साडेचारची. रेजिनाची लेक, नवरी एलिसा, न्हायला गेलेली, तिचे पप्पा बॅप्टिस्ट मंडपवाल्याशी हुज्जत घालत बसलेले. उरली कोण? फ्लॉसी. रेजिना लेकाच्या स्कूटरवर मागे बसली आणि वळून वळून बघत गेली.

आता हे अकरा वर्षांचं प्रकरण सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या बिचारीच्या मागे लागायचं. एलिसाच्या भावाची, कॅल्विनची, पहिली कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पहिला प्रसाद, होती. दोनशे माणसं जेवायला. केक करायचं काम फ्लॉसीनं हौसेनं अंगावर घेतलं. बाई उत्साही, हात भरभर चालणारे, तोंड त्याहून भरभर. बोलता बोलता तिनं फळीवरचा डबा उघडला, पांढरी पूड दिसली, घातली. घालायचा होता खाण्याचा सोडा, गेला धुण्याचा. केक दिसायला झकास झाला होता हो! फादरांना मानाचा पहिला तुकडा दिला. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले, आणि आशीर्वाद द्यायचा सोडून पाणी मागितलं.

तेव्हापासून सगळ्या उमेळे गावात तिचं नाव पडलं सोडा फ्लॉसी. नावाचं तिला एवढं नव्हतं, हसणाऱ्यांबरोबर ती स्वतःही हसायची. लागलं ते दुसरंच. त्या दिवसापासून घरात बारसं असो, लग्न असो, तिला खुर्ची मिळू लागली. "फ्लॉसी, तू बस गं. पाहुण्यांशी बोल." सगळ्या बायका पदर खोचून कामात आणि हिनं एकटीनं पाहुण्यासारखं खुर्चीत बसायचं. बहिणीच्या घरात! सांगा, याहून वाईट शिक्षा कुठली?

म्हणून आज ती इस्त्रीपाशी उभी राहिली ती जणू वेदीपुढे उभी आहे अशी. गाऊन खुंटीवर टांगला होता. रेजिनानं तो स्वतः केला होता. पांढऱ्या सुती दोऱ्याची क्रोशाची जाळी, आत सुती अस्तर. रोज दुपारी वाडीतली कामं आटपली की ओटीवर बसून विणायची. अकरा महिने! एलिसा म्हणाली होती, "मम्मी, मुंबईत भाड्यानं मिळतात गं." त्यावर रेजिना दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

फ्लॉसीनं इस्त्री केली, आणि काय केली! एक चुणी ठेवली नाही. जाळीतलं फूल न् फूल उठून दिसायला लागलं. तिचा आनंद गगनात मावेना. घाम पुसला, मागे सरून बघितलं, पुढे येऊन बघितलं. आणि आता तो अलगद पलंगावर ठेवावा म्हणून तिनं उजव्या हातातल्या मलमलच्या कपड्यासकट दोन्ही हातांनी कमरेत धरून उचलला.

ठेवला, हात काढले आणि बघते तर काय!

कमरेच्या डाव्या बाजूला, पांढऱ्याशुभ्र जाळीवर, चार बोटं आणि एक अंगठा. पिवळेजर्द.

हळद! आता हे कुणाच्याही घरी व्हायचं नाही, आमच्याच ख्रिस्ती लोकांच्या घरी व्हायचं. ज्यांच्या नवरीचा गाऊन पांढरा, त्यांच्याकडे हळद नाही. ज्यांच्याकडे हळद, त्यांची नवरी पांढऱ्यात नाही. आमच्याकडे दोन्ही, एकाच घरात, एकाच सकाळी. एलिसाला न्हायला जायच्या आधी शेवटची हळद लावली ती फ्लॉसीनंच, खोबरेल तेलात कालवून, चांगली कोपरापर्यंत हात बुडवून. नंतर हात धुतले होते की! पण नुसत्या पाण्यानं. तेलातली हळद पाण्याला दाद देते होय? ती बसली होती रेघांमध्ये, अंगठीखाली, नखांत. इस्त्रीच्या वाफेनं आणि घामानं तेवढी वर आली.

शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. फ्लॉसी थांबणाऱ्यातली नव्हती. तिनं मोरीतला कपडे धुण्याचा बार उचलला, डागावर पाणी मारलं आणि खसाखसा घासला.

डाग लाल झाला.

पिवळ्याचा लाल! बघता बघता, तिच्या बोटांखाली, रक्तासारखा लालभडक! तिनं आणखी साबण लावला, तो आणखी लाल झाला. फ्लॉसी अशी किंचाळली, की बाहेर मंडपवाल्याच्या हातातला बांबू सुटला.

"येशू रे! माझ्या देवा!"

एलिसा ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून धावत आली. "मावशी, काय झालं? हात कापला? रक्त कुठून येतंय?"

"रक्त नाही गं पोरी," फ्लॉसी रडत म्हणाली. "माझं नशीब आहे ते."

एलिसानं गाऊन बघितला. नवरीनं आकांत करायला हवा होता, ती नुसती पलंगावर बसली. मग हळूच म्हणाली, "मम्मी मारेल."

"तुला कशाला मारेल? मला मारेल. आणि मारलं तर बरंच होईल. तिनं मारलं नाही आणि परत खुर्चीत बसवलं, तर मी काय करू?"

एवढ्यात ओटीवरून हाक आली, "बॅप्टिस्टभाऊ, लायटिंगवाला आला का?"

हे शांताराम. शेजारच्या सात मजली बिल्डिंगमध्ये राहणारे, मूळचे कोकणातले. मुंबईत एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं परिचर होते, आता निवृत्त. लग्नाची लाल-हिरवी तोरणं बिल्डिंगच्या गच्चीवरून खाली सोडायची होती आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असायची. ती बोटात फिरवत ते आत डोकावले, तर एक बाई रडतेय, एक नवरी भिंतीकडे बघतेय आणि मध्ये गाऊनवर लाल पंजा.

शांताराम चष्मा वर करून वाकले. आणि त्यांच्या तोंडून काय निघावं? "वा! काय सुरेख रंग आलाय!"

फ्लॉसीचं डोकंच फिरलं. "भाऊ, इथं माझा जीव चाललाय आणि तुम्हाला रंग सुरेख दिसतोय?"

"नाही, नाही, तसं नाही," ते गडबडले. "साबण लावलात ना तुम्ही? हळदीवर? ताई, चौतीस वर्षं मी पोरांसाठी हळदीचे कागद करत होतो. कागदाला हळद लावून वाळवायची. त्यावर आम्लारी पदार्थाचा थेंब पडला, की कागद लाल."

"कसला पदार्थ?"

"आम्लारी. अल्कली म्हणा. अहो, नाव जड, वस्तू घरातल्याच. साबण, चुना, पापडखार, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुलीतली राख. सगळी एकाच कुळातली. हाताला बुळबुळीत, चवीला तुरट-कडू. आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्याशी त्यांचं जन्माचं वैर. पाय मुरगळला की हळदीत चुना कालवून लावता ना? लेप लाल होतो, बघितलाय ना?"

"शंभरदा बघितलाय," फ्लॉसी म्हणाली. तिचे डोळे पुसायचे राहून गेले.

"कुंकूही तसंच करतात. हळदीचंच. हे बघा." त्यांनी टेबलावरची लिंबाची फोड उचलली आणि लाल पंजाच्या करंगळीच्या टोकावर एक थेंब पिळला.

लालाचा झाला पिवळा! डोळ्यांदेखत! एलिसा ताडकन उभी राहिली. फ्लॉसीनं टाळीच वाजवली. "लिंबं आणा! बॅप्टिस्टभावजी, लिंबं! सगळी आणा!"

"थांबा," शांताराम म्हणाले. "पिवळा झाला, गेला नाही. लिंबानं हळद शांत होते आणि कपड्यात ठाण मांडून बसते. लाल झालेली हळद कच्ची असते, तुटायला आलेली असते. ती आणखी लाल करायची, ओली ठेवायची आणि कडक उन्हात टाकायची. आम्लारी एकीकडून, ऊन दुसरीकडून. दोघं मिळून तिचा निकाल लावतात. शिवाय तुमच्या हळदीत तेल होतं. सोडा तेलाचाही साबण करून टाकतो. मात्र साबणाचं काम नाही, जरा तगडा आम्लारी पाहिजे. धुण्याचा सोडा आहे का घरात?"

फ्लॉसीच्या तोंडचं पाणी पळालं.

आहे का म्हणजे? होता ना! त्या कम्युनियनच्या दुसऱ्याच दिवशी रेजिनानं तो डबा मोरीच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं वीतभर अक्षरांत लिहिलं होतं, 'धुण्याचा'. अकरा वर्षं फ्लॉसी त्या घरात येत होती आणि त्या फळीकडे मान वर करून बघत नव्हती. आज स्टुलावर चढली, डबा काढला, छातीशी धरला आणि खाली उतरली.

उतरली तर दारात रेजिना.

फुलं लवकर लावून झाली होती. हातात उरलेल्या निशिगंधाची जुडी. तिनं आधी गाऊन बघितला. मग पंजा. मग फ्लॉसी. मग फ्लॉसीच्या हातातला डबा.

"मी केलं, बाय," फ्लॉसी म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "हाताला हळद होती. मग घाबरून साबण लावला. सगळं मीच केलं."

"आणि आता काय करतेस?"

"आता... सोडा घालणार होते."

"ठेव तो डबा खाली."

"बाय, हे भाऊ सांगतात की..."

"फ्लॉसी, डबा खाली!"

फ्लॉसीनं ठेवला. रेजिनानं निशिगंध पलंगावर फेकला, पदर खोचला आणि लिंबं घेतली. एक फोड, दोन, चार. पंजा पिवळा पडत गेला, तशी रेजिनाच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली. "बघा, निघतोय." पण निघत नव्हता. तीन लिंबं संपली आणि पाच पिवळी बोटं जागच्या जागी. रेजिनाचा हात हळूहळू थांबला. घड्याळात पावणेअकरा. ज्या बाईनं अकरा महिने एक टाका चुकू दिला नाही, ती पिळून झालेली साल पुन्हा पिळायला लागली.

आणि ते बघून फ्लॉसीला स्वतःचं सगळं विसरायला झालं. खुर्ची, नाव, केक, सगळं! ती पुढे सरसावली. "बाय, मला नंतर काय हवं ते बोल. जन्मभर बोलू नकोस हवं तर. पण आत्ता ऐक. ह्यांना कळतं त्यातलं. मी डब्याला हात लावत नाही, ह्यांना घालू दे. तू घाल. कुणीही घाला, पण घाला! ऊन जाईल."

"आणि जाळी विरली तर?" रेजिना शांतारामांकडे वळली. "सोड्यानं कापड खाल्लं तर?"

"बरोबर विचारलंत," शांताराम म्हणाले. "रेशीम असतं, लोकर असती, तर मीच हात लावू दिला नसता. आम्लारी रेशमाला खातो. सुताला काही करत नाही." त्यांनी आतल्या शिवणीतून दोऱ्याचं एक टोक मागून घेतलं, दुसरं अस्तराच्या शिवणीतून, आणि दोन्ही काडीनं पेटवली. "वास घ्या. केस जळल्याचा येतोय?"

रेजिनानं नाक पुढे केलं. "कागद जळल्यासारखा."

"मग सूत आहे."

"ते मला माहीत आहे. मीच आणलंय," रेजिना म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. ती डब्याकडे बघत राहिली. एलिसा आईजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर ओलं डोकं टेकून नुसती उभी राहिली.

रेजिनानं डबा उचलला. फ्लॉसीपुढे धरला.

"वाच."

"काय?"

"काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं."

"धुण्याचा," फ्लॉसी म्हणाली.

"आणि कशासाठी घालायचाय?"

"धुण्यासाठी."

"मग घाल."

अहो, काय सांगू! त्या दोन शब्दांनी फ्लॉसीच्या अंगात दहा बायकांचं बळ आलं. टब ओढला, कोमट पाणी ओतलं, शांतारामांनी सांगितलं तसा दोन मुठी सोडा मोजून विरघळवला. मोजून हं, अंदाजपंचे नाही. गाऊनची कंबर तेवढी बुडवली. पिवळी बोटं क्षणात पेटली. मघाशी होती त्याच्या दुप्पट लाल! बॅप्टिस्ट तेवढ्यात आत आले, त्यांनी टबात बघितलं, छातीवर क्रूस केला आणि आल्या पावली परत गेले.

"आता ऊन!" शांताराम ओरडले.

सगळे टब धरून अंगणात आले आणि अंगणात ऊनच नव्हतं. दक्षिणेला शांतारामांची बिल्डिंग. जानेवारीचा सूर्य खालून चालतो. अकरा वाजले की त्या सात मजल्यांची सावली अंगणात येते, ती जातच नाही. बिल्डिंग झाली तेव्हापासून रेजिना त्या सावलीला शिव्या घालायची. तिच्या केळी त्या बाजूनं वाढायच्या थांबल्या होत्या. तिनं मान वर करून बिल्डिंगकडे असं बघितलं, की शांतारामांनी बिचाऱ्यांनी मान खाली घातली. मग त्यांच्या हातातली किल्ली किणकिणली.

"गच्ची!" ते म्हणाले. "सगळं ऊन गच्चीवर आहे!"

लिफ्ट नेमकी बंद. सात मजले! टबाचा एक कान फ्लॉसीनं धरला, दुसरा रेजिनानं. अकरा वर्षांत दोघींनी एका वस्तूला दोन बाजूंनी हात लावला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर रेजिना धापा टाकायला लागली. "हळू चल गं, सांडशील!" "तू भरभर चल, ऊन जाईल!" "ऊन कुठं जातंय, संध्याकाळपर्यंत आहे!" "मिस्सा संध्याकाळची नाही, बाय!" अशा भांडत, हसत, पायरीपायरीला सोड्याचं पाणी सांडत दोघी वर पोचल्या. मागून एलिसा टॉवेल सावरत, सगळ्यात मागून शांताराम.

गच्चीवर शांतारामांच्या पत्नी आशालता पापड वाळत घालून बसल्या होत्या. उडदाचे, दोनशे तरी असतील. कडक उन्हाची उत्तम जागा सगळी पापडांनी अडवलेली.

"उचला," शांताराम बायकोला म्हणाले.

"का म्हणून? सकाळपासून लाटतेय मी!" आणि मग त्यांना टब दिसला, टॉवेलातली नवरी दिसली. "अगो बाई, हे काय?"

"वहिनी, माझा जीव आहे ह्यात," फ्लॉसी म्हणाली. आशालतांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. पापडांची चादर दोन्ही टोकांना धरून भराभर ओढली, स्वतःची स्वच्छ धुतलेली चादर अंथरली आणि त्यावर गाऊन पसरला.

आणि मग सगळे उकिडवे बसून बघायला लागले.

पाच मिनिटं काहीच नाही. लाल तो लालच. दहा मिनिटं. फ्लॉसी दर दोन मिनिटांनी वाटीनं सोड्याचं पाणी शिंपडत होती, वाळू म्हणून देत नव्हती. डोक्यावर ऊन तापलेलं, कपाळावरून घाम, तो गाऊनवर पडू नये म्हणून मान वाकडी. रेजिना ओठांतल्या ओठांत माळेची प्रार्थना म्हणत होती. शांतारामांचाही चेहरा उतरायला लागला होता. प्रयोगशाळेत चुकलं तर नळी फोडून टाकता येते, इथं नवरीचा गाऊन होता.

"करंगळी!" एलिसा ओरडली.

"काय झालं करंगळीला?"

"करंगळी बघा!"

करंगळी तांबूस झाली होती. लाल नव्हे, तांबूस, विटलेली. सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली. मग अंगठा विटायला लागला. मग मधलं बोट. फ्लॉसीला राहवेना. "चालली! बाय, चालली बघ! जा गं बाई हळदी, जा, सुखानं जा!" ती हळदीला निरोप द्यायला लागली आणि आशालता एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. साडेबाराला डागाची नुसती सावली उरली. एकाला पाच मिनिटं असताना शांतारामांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, गाऊनवर नाक टेकवून बघितलं आणि म्हणाले, "नाही."

"काय नाही?" रेजिना घाबरून म्हणाली.

"डाग नाही."

फ्लॉसीनं मोठ्यानं हंबरडा फोडला. आनंदानंच, पण खाली मंडपवाल्याला काय कळणार! तो बॅप्टिस्टना म्हणाला म्हणे, "वर कुणीतरी गेलं वाटतं."

"आता सोडा पुरता निघायला हवा," शांताराम म्हणाले. "राहिला तर नवरीच्या कमरेला आग होईल." त्यांनी कुंडीतलं जास्वंदीचं फूल तोडलं, पाकळी कागदावर चोळली. जांभळट डाग पडला. त्यावर गाऊन पिळून एक थेंब टाकला, तर कागद हिरवा! "आहे अजून. धुवा." दोघी बहिणींनी गच्चीच्या नळाखाली पुन्हा पुन्हा धुतला. थेंब टाकला, फिका हिरवा. "धुवा." मग बॅप्टिस्ट स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली घेऊन सात मजले चढून आले. डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलसाठी आणलेलं व्हिनेगर! त्यातलं झाकणभर बादलीत घालून रेजिनानं गाऊन खंगाळला, मग साध्या पाण्यातून दोनदा काढला. शेवटच्या थेंबाला जास्वंद जांभळीच राहिली. "सुटका," शांताराम म्हणाले.

तीन वाजता गाऊन वाळला. खाली आणला. इस्त्री तापली. फ्लॉसी हात मागे बांधून उभी राहिली, कुणी काही म्हणतंय का बघत. रेजिनानं इस्त्री स्वतः उचलली आणि स्वतः केली.

बरोबर आहे, फ्लॉसी मनाशी म्हणाली. डाग पाडला मीच, मग काढला तर काय मोठं केलं? तिनं स्वतःची साडी नेसली, पावडर लावली, हात बघितले. मघाशी सगळ्यांना गाऊनचा आनंद झाला होता, हातांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. दिवसभर सोड्याच्या पाण्यात राहून रेघांमधली सगळी हळद लाल झाली होती, आणि हातांना कुणी लिंबू लावलं नव्हतं. दोन्ही तळवे लालेलाल. तिनं ते पदराखाली झाकले.

चर्चच्या दारात ही गर्दी. आत ऑर्गन सुरू झाला. बॅप्टिस्ट कोट घालून मुलीचा हात धरून उभे. गाऊनचा मागे लोळणारा घोळ धरून वेदीपर्यंत चालायचं मानाचं काम नवरीच्या चुलतबहिणीला, रोझलिनला, महिनाभर आधीच दिलेलं होतं. ती पुढे झाली, तर रेजिनानं तिला हातानं थांबवलं.

"रोझलिन, तू फुलं धर. फ्लॉसी, इकडे ये."

फ्लॉसीला वाटलं, आता इथं, सगळ्यांपुढे? ती आली.

"घोळ धर."

"मी?" फ्लॉसी एक पाऊल मागे सरली. "बाय, मी नको. माझे हात बघ." आणि तिनं पदराखालचे तळवे पुढे केले.

रेजिनानं ते लाल तळवे बघितले. रेजिना ती रेजिनाच. तिनं पर्समधून आपला पांढरा रुमाल काढला, जिभेनं कोपरा ओला केला आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसा फ्लॉसीच्या दोन्ही तळव्यांवर खसाखसा घासला. मग रुमाल उजेडात धरला. उलटा करून बघितला. पांढरा होता.

"मघाशी पाणी शिंपडताना एकदाही इकडेतिकडे बघितलं नाहीस तू," ती हळू म्हणाली. "पावणेदोन तास. मी मोजत होते."

तिनं घोळाची दोन टोकं उचलून त्या लाल तळव्यांत ठेवली आणि बोटं मिटवली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अगं, ही सोडा फ्लॉसी ना?"

"हो," रेजिना मागे वळून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाली, "तीच."

एलिसानं पाऊल टाकलं. फ्लॉसी मागून निघाली. आयुष्यभर धावत सुटलेली ती बाई त्या दिवशी दारापासून वेदीपर्यंत इतकी सावकाश चालली, की ऑर्गनवाल्याला तेच कडवं दोनदा वाजवावं लागलं.